नफा, ना-नफा आणि मागचा ओढा

माणूस सेवेतून निवृत्त होतो तो पुन्हा सेवेत रुजू होण्यासाठीच, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. इतर खात्यांत याचा फारसा त्रास होत नाही. तिथली माणसं साठीला घरी येतात, तोवर गुडघे बोलायला लागलेले असतात, आणि उरलेली सेवा आरामखुर्चीतून, सल्ल्याच्या रूपाने करता येते. सैनिक मात्र पंचेचाळिशीत घरी येतो. धडधाकट, पाचला उठणारा, अंथरुणाची घडी कागदासारखी घालणारा. अशा माणसाचं घरात काय करायचं हा प्रश्न जगातल्या सगळ्या बायकांना पडतो. (काम असतं. ते करायची त्याची पद्धत घराला झेपत नाही.)

सुभेदार असेच घरी आले. चोवीस वर्षं ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. लोखंडी चौकटी एकमेकींत अडकवायच्या, जाड पिना ठोकायच्या, नदीवर किंवा खचलेल्या रस्त्यावर काही तासांत पूल उभा करायचा, वरून गाड्या जाऊ द्यायच्या, आणि हुकूम आला की तोच पूल उतरवून ट्रकवर चढवायचा. कारकिर्दीत त्यांनी एकसष्ट पूल उभे केले, सत्तेचाळीस उतरवले आणि चौदा उडवले. (बेरीज जुळते. सैन्य मागे पसारा ठेवत नाही.)

त्यांचं घर वसाहतीच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. मागच्या दाराबाहेर चार पावलांवर ओढा, ओढ्यापलीकडे एक गरीब वस्ती आणि सरकारी आरोग्य केंद्र, आणि त्या केंद्रात त्यांची बायको एकोणीस वर्षं परिचारिका. रस्त्याने वळसा घालून केंद्र साडेपाच किलोमीटर पडायचं. सरळ गेलं तर अकरा मीटर. या अकरा मीटरवरून पाण्याचा एक जुना पाइप गेला होता, एखाद्या खात्यापित्या माणसाच्या कमरेएवढा जाड.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सुभेदार चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे होते. बायको बाहेर पडली. तिने चपला काढून पिशवीत टाकल्या, पिशवी खांद्याला लावली आणि अनवाणी पाइपावरून चालत पलीकडे गेली. मागे न बघता. सुभेदारांचा चहा गार झाला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अगं, तू रोज त्यावरून जातेस?"

"मग कशावरून जाऊ?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा मीही सुट्टी टाकायचे." तिने भाजी निवडता निवडता वर बघितलं. "एकसष्ट पूल बांधलेत ना? बासष्टावा इथे बांधा. लोक दुवा देतील."

अकरा मीटर म्हणजे सुभेदारांच्या लेखी पूल नव्हे, सराव. पण ते शिस्तीचे गृहस्थ होते. हुकमाशिवाय त्यांनी आयुष्यात खुंटीसुद्धा ठोकली नव्हती. हुकूम मिळवायचा तर कुणाच्या तरी नोकरीत असायला हवं, एवढा सरळ विचार करून ते माजी सैनिकांच्या पुनर्वसन कार्यशाळेला गेले.

कार्यशाळा तीन दिवसांची होती. मार्गदर्शक गळ्यात टाय बांधून आले होते आणि सैन्याबद्दल त्यांना नितांत आदर होता, कारण ते तिथे कधी गेले नव्हते. त्यांनी समजावलं की सैन्याबाहेरच्या जगाचे दोनच भाग आहेत, नफा आणि ना-नफा. प्रत्येकाला एक फॉर्म मिळाला. त्यात पहिलाच प्रश्न होता: 'आपणांस भले कोणाचे करावयाचे आहे? (अ) समाजाचे (ब) स्वतःचे. एकाच पर्यायावर खूण करावी.' सुभेदारांनी 'ओढा ओलांडणाऱ्यांचे' असं लिहून दिलं. तो फॉर्म बाद झाला.

नंतर प्रत्येकाचे दोन बायोडाटा करण्यात आले, कारण एकच आयुष्य दोन्हीकडे चालत नाही. सुभेदारांनी खंदक खणले होते. ना-नफा बायोडाट्यात त्याचं 'मातीशी नातं जोडलं' झालं आणि नफा बायोडाट्यात 'पायाभूत सुविधांची वेळेत पूर्तता'. जवानांवर ओरडणं एकीकडे 'क्षमताबांधणी' ठरलं, दुसरीकडे 'टीमकडून रिझल्ट काढणं'. एकदा त्यांच्या तुकडीला माघार घ्यावी लागली होती. ती समाजसेवेत 'स्थानिकांच्या इच्छेचा सन्मान' म्हणून गेली आणि व्यापारात 'योग्य वेळी बाजारातून बाहेर पडण्याचा निर्णय'. चौदा पूल उडवल्याचं कुठल्याच बायोडाट्यात बसेना. मार्गदर्शक म्हणाले, "ते मुलाखतीत तोंडी सांगा. छाप पडते."

आधी ते ना-नफ्यात गेले. ही संस्था 'वंचित वस्त्यांच्या जोडणी'साठी काम करत होती, म्हणजे जवळजवळ पुलांसाठीच. कचेरी तिसऱ्या मजल्यावर. तिथे खुर्च्या नव्हत्या, कारण खुर्चीमुळे माणसामाणसांत अंतर पडतं. सगळे चटईवर बसत आणि एकमेकांना ताई-दादा म्हणत. सुभेदार सावधान स्थितीत मांडी घालून बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी संचालिकाताईंसमोर नकाशा पसरला. अकरा मीटर, सहा माणसं, चार तास.

ताईंनी नकाशाकडे फार मायेने बघितलं. "दादा, पूल बांधणं सोपं असतं. पण तो आधी लोकांच्या मनात उभा राहायला हवा."

"त्याला किती वेळ लागतो?"

"तीन वर्षं," ताई म्हणाल्या. "दुसरा टप्पा धरला तर पाच."

पहिल्या वर्षी पाहणी झाली. पलीकडच्या वस्तीतल्या तीनशे चाळीस घरांत जाऊन 'आपणांस पुलाची गरज वाटते काय?' हे विचारण्यात आलं. एक्केचाळीस टक्के 'हो' म्हणाले, बावीस टक्के 'सांगता येत नाही' म्हणाले आणि बाकीचे घरी सापडले नाहीत. (ते कामाला गेले होते. पाइपावरून.) गरजेची जाणीव निम्म्याहून कमी लोकांना आहे हा निष्कर्ष गंभीर होता. त्यामुळे दुसरं वर्ष जाणीव वाढवण्यात गेलं. पथनाट्य झालं. शाळेत 'मी पूल बोलतोय' या विषयावर निबंध झाले. फोटोग्राफर आला आणि त्याने पाइपावरून जाणाऱ्या सुभेदारांच्या बायकोचा पाठमोरा फोटो काढला. खांद्याला पिशवी, पायाखाली पाइप, समोरून कोवळं ऊन. ऊन मनासारखं पडेना म्हणून तिला तीनदा पलीकडे जाऊन यावं लागलं. त्या दिवशी ती केंद्रात उशिरा पोचली आणि तिचा अर्धा दिवस रजा म्हणून लागला.

फोटो मात्र अप्रतिम आला. वार्षिक अहवालावर तोच, दिनदर्शिकेवर तोच, कचेरीच्या भिंतीवर माणूसभर उंचीचा तोच. परदेशातली मंडळी तो बघून गहिवरली आणि संस्थेला आणखी तीन जिल्हे मिळाले. या आनंदात सुभेदारांनी पुन्हा नकाशा पसरला. या वेळी ताई खरोखरच अस्वस्थ झाल्या.

"दादा, मला समजतं तुमचं. पण पूल झाला तर हा फोटो जुना होईल हो."

संस्था कृतघ्न नव्हती. सुभेदारांनी राजीनामा दिला तेव्हा तोच फोटो फ्रेम करून त्यांना निरोपाची भेट म्हणून देण्यात आला. बायकोने फ्रेम हातात घेऊन बघितली आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवून दिली. "माझीच पाठ आहे," ती म्हणाली. "ती तुम्ही बघा."

मग सुभेदार नफ्यात गेले. ही कंपनी मोठमोठे पूलच बांधत असे, त्यामुळे त्यांना वाटलं, आता आपण आपल्या माणसांत आलो. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, आणि सगळ्यांना एकेरी हाक मारायची पद्धत. चोवीस वर्षांत त्यांना हुद्द्याशिवाय कोणी हाक मारली नव्हती, त्यामुळे पहिले चार दिवस कोणी बोलावलं की ते शेजारच्याकडे बघत. कंपनीचा कारभार धाकटे साहेब बघायचे. वय तिशीचं, पायात खेळाचे बूट.

"मला आर्मीची माणसं आवडतात," धाकटे साहेब म्हणाले. "प्रश्न विचारत नाहीत."

सुभेदारांनी प्रश्न न विचारता नकाशा पसरला.

"मार्केट काय आहे?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"माझी बायको."

"आणि?"

"रोजची सत्तर-ऐंशी माणसं. गरोदर बायका, म्हातारे, शाळेची पोरं."

"सध्या कशावरून जातात?"

"पाइपावरून."

धाकटे साहेब मागे रेलले. "म्हणजे स्पर्धक आहे. आणि फुकट आहे." ते हळहळले ते मनापासून. कंपनीने याचा रीतसर अभ्यास करवून घेतला. त्यात असं आढळलं की एक रुपयाही जाहिरातीवर न घालवता पाइपाने शंभर टक्के बाजारपेठ काबीज केली आहे. अशा स्पर्धकाशी लढण्यापेक्षा भागीदारी करावी असं ठरलं. पाइपावर रबरी पट्टी, एका बाजूला दोरी, जाताना सर्वांना मोफत, येताना फक्त सभासदांना, अशी योजना तयार झाली. ती पाणीपुरवठा खात्याने हाणून पाडली. पाइपावर पाण्याखेरीज काहीही जात असल्याची खात्याकडे नोंद नव्हती.

पुढे कंपनीला सामाजिक जबाबदारी विभाग उघडावा लागला. (कायद्याने. मनाने तो आधीच उघडलेला होता, असं अहवालात म्हटलं आहे.) या विभागाने ज्या संस्थेला हात द्यायचं ठरवलं ती तिसऱ्या मजल्यावरचीच. मग दोन्हीकडची माणसं ओळखणारा कोण, तर सुभेदार. त्यांना संस्थेत धाडण्यात आलं. वर्षभराने संस्थेला व्यावसायिक शिस्त लावायची ठरली तेव्हा ते कंपनीत परत आले. मग कंपनीला संवेदनशीलता हवी झाली. असं करत सुभेदार चार वर्षांत पाच वेळा इकडून तिकडे गेले. दोन्ही कचेऱ्या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना होत्या आणि त्यांच्यामध्ये काचेचा, थंड हवेचा एक पादचारी पूल होता. तो तीन महिन्यांत बांधून झाला होता. त्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नव्हती.

एवढ्या अनुभवानंतर माणूस कामाचा राहत नाही, व्याख्यानाचा होतो. पुनर्वसन कार्यशाळेतच सुभेदारांना बोलावणी येऊ लागली. टायवाले मार्गदर्शक त्यांची ओळख करून देताना म्हणत, "हे म्हणजे दोन क्षेत्रांमधला जिवंत पूल." सुभेदारांनी हे घरी येऊन सांगितलं. त्यांना ते थोडं आवडलंही होतं.

"असं का?" बायको म्हणाली. "मग ओढ्यावर आडवे व्हा."

या येजेच्या पाचव्या वर्षी एका बुधवारी पाइप कुठेतरी गळायला लागला होता. तिचा पाय ओल्या पाइपावरून सटकला आणि ती खाली दगडांत पडली. पाणी गुडघाभरच होतं. ती उठली, पिशवी शोधली, पलीकडच्या काठाने वर चढली आणि केंद्रात गेली, कारण बुधवार लसीकरणाचा. उजव्या हाताने तिने दुपारी एकपर्यंत तेहेतीस बाळांना लस टोचली आणि मग डॉक्टरांना म्हणाली, "जरा डावा हात बघता का?" मनगट मोडलं होतं.

सुभेदारांना निरोप मिळाला तेव्हा ते काचेच्या पुलावर होते, कंपनीतून संस्थेकडे निघालेले. घरी पोचले तर ती प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसली होती. चोवीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही पुलावरून एक माणूस, एक खेचर, एक पिंपसुद्धा पाण्यात पडलं नव्हतं.

एका हाताने तिला वेणी घालता येईना, म्हणून ते मागे बसले आणि त्यांनी ती घातली. तराफ्याच्या दोरखंडाला मारतात तशी पक्की गाठ बसली.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"हात नाही दुखत. गाठ दुखतेय." तिने गाठ चाचपून बघितली. "कापावी लागेल ही."

त्यांनी कात्री आणली, रिबीन कापली आणि मागच्या दारातून ओढ्याकडे बघितलं. "रविवारी घरी आहेस ना?"

"हात मोडलाय. आता सगळे रविवारच आहेत."

संस्थेने दुसऱ्याच दिवशी फोटोग्राफर पाठवला. (पांढरं प्लास्टर उन्हात खुलून दिसतं.) कंपनीने पुष्पगुच्छ पाठवला, आणि तो कितपत आवडला हे कळवण्यासाठी एक फॉर्म. सुभेदारांनी दोघांनाही दारातून परत लावलं आणि पलटणीतल्या पाच जुन्या सोबत्यांना फोन केले. तेही सगळे पुनर्वसित होते. दोघे नफ्यात, दोघे ना-नफ्यात, आणि एक नेमका कुठे आहे हे त्याला सोमवारी कळणार होतं. लोखंड मेहुण्याकडून आलं. मेहुण्याचा भंगाराचा धंदा होता आणि नुकतंच पाडलेलं एक गोदाम त्याच्या आवारात आडवं पडलेलं होतं.

"भावोजी, गर्डर परत कधी देताय?" त्याने विचारलं.

"देत नाही."

"बरं," मेहुणा म्हणाला, आणि ट्रकही त्याचाच दिला.

रविवारी सातला काम सुरू झालं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी संपलं. चार तास दहा मिनिटं ही गोष्ट सुभेदार आजही खालच्या आवाजात सांगतात. वरच्या दहांतली पाच मिनिटं एकाच्या गुडघ्याने खाल्ली आणि उरलेली, हुकूम कोणाचा यावरच्या वादाने, कारण निवृत्तीनंतर सगळे सारखे. शेवटी बायकोने काठावर खुर्ची टाकली, हात झोळीत घेतला आणि म्हणाली, "माझा." त्यानंतर एकही पिन वाकडी गेली नाही.

पत्रे बसले, नट-बोल्ट आवळून झाले, तेव्हा पहिली तीच गेली. मधोमध जाऊन थांबली. एक पाऊल आपटलं, मग दुसरं.

सुभेदार पाना उचलून पुढे झाले. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "चपला वाजतात."

सोमवारी खरी कामं सुरू झाली. संस्थेच्या आकडेवारीतून अख्खी वस्ती वंचितांमधून निसटली होती आणि अहवाल तर छपाईला गेलेला. कंपनी जिथे कधी उतरलीच नव्हती तिथली बाजारपेठ तिच्या हातून गेली होती. नगरपालिकेचे अभियंते टेप घेऊन आले, पुलाची दोनदा लांबी मोजली, दोनदा पुलावरूनच पलीकडे जाऊन आले आणि त्यांनी शेरा मारला की मंजुरी नसल्यामुळे हा पूल अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेला पूल पाडता येत नाही. म्हणून पाडण्याच्या प्रयोजनार्थ त्याला तातडीने मंजुरी देण्यात आली. नगरपालिकेच्या इतिहासात इतक्या लवकर मंजूर झालेला हा पहिला पूल.

तेवढ्यावर कागद फाइलीत झोपले असते. पण वसाहतीकडून अर्ज आला. पूल झाल्यापासून पलीकडची माणसं वसाहतीच्या गल्लीतून येजा करतात; त्यांत अनोळखी चेहरे असतात; एक गरोदर बाई फाटकाच्या पायरीवर दहा मिनिटं बसून होती; सबब सुरक्षिततेच्या दृष्टीने पूल हटवावा. अर्ज अत्यंत सभ्य भाषेत होता. अर्जदारांपैकी निम्म्यांच्या घरात ती पाठमोऱ्या फोटोची दिनदर्शिका लागलेली आहे आणि ती बघून त्यांना खरंच वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत पूल उतरवण्याचा आदेश निघाला. ते काम येणारा गावात एकच माणूस होता. संस्था, कंपनी आणि नगरपालिका यांच्या संयुक्त समितीने त्याला तसं पत्र दिलं. सुभेदारांना निवृत्तीनंतर प्रथमच पुलाबाबत लेखी हुकूम मिळाला.

हुकूम म्हणजे हुकूम. ते सकाळी पाना घेऊन पुलाशी गेले. प्लास्टर उतरलं होतं आणि बायको पुन्हा कामावर निघाली होती.

"मी पलीकडे चाललेय," ती म्हणाली. "मी आल्याशिवाय काढू नका."

ते थांबले. संध्याकाळी ती आली.

"झालं," ते म्हणाले. "आता काढतो."

"आणि उद्या मी जाऊ कशी?"

त्यांनी पाना खाली ठेवला. तेव्हा पहिल्यांदाच चार वर्षांची येजा त्यांच्या कामी आली. त्यांनी समितीला लिहिलं की पूल उतरवण्यापूर्वी त्याच्या परिणामांची पाहणी, एक परिसंवाद आणि उतरवलेल्या लोखंडाच्या बाजारपेठेचा अभ्यास होणं उचित ठरेल. समिती हरखून गेली. पहिला टप्पा मंजूर झाला आहे. सुभेदार दर शुक्रवारी प्रगतीचा अहवाल देतात, दर शनिवारी नट-बोल्टना तेल घालतात, आणि बायको चपला वाजवत पलीकडे जाते.

वसाहतीचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. मूळ प्रत नगरपालिकेत कोणालाही बघता येते. एकशे बारा सह्या आहेत. बहुतेक सगळी चांगल्या घरची, वाचनाची आवड असलेली माणसं. तुमची सही पहिल्याच पानावर आहे, सातव्या ओळीत. तुम्हाला आठवत नसेल. दारात एकजण कागद घेऊन आला होता, तुम्ही फोनवर होता, मान हलवून 'कशाबद्दल?' एवढं विचारलंत, तो म्हणाला 'सुरक्षिततेबद्दल', आणि तुम्ही त्याचंच पेन घेऊन भिंतीला टेकवून सही केलीत. अक्षर छान आहे.